उलट न फिरवलेलं रीळ

तीसाकाठ,
गुरुवार, २८ नोव्हेंबर २०१९

प्रिय देसाताई,

पाकिटावरचं अक्षर बघून हे कुणाचं पत्र म्हणून तू दोन मिनिटं तरी विचार करशील. पंधरा वर्षांत मी तुला सणाच्या छापील कार्डाखाली सही करण्यापलीकडे हाताने काही लिहिलेलं नाही. तू बरी असशील, लिंत्समधली थंडी तुझ्या गुडघ्यांना फार छळत नसेल, आणि ज्या म्हाताऱ्या बाईंची तू देखभाल करतेस त्या तुला वेळेवर जेवू देत असतील, अशी मनापासून इच्छा. इकडे आम्ही ठीक आहोत. असं लिहिलं खरं, पण ‘आम्ही’ म्हणजे आता मी आणि आपल्या सिनेमा क्लबवाल्या पिश्ता-बाचींची मांजर. ते वारल्यापासून ती आपल्याच ओसरीवर असते.

आजपासून नाताळचा उपास सुरू झाला. दुपारी घेवडा शिजवला, बिनतेलाचा, वरून लाल मिरचीची पूड. आईच्या हातची चव आली नाही. तिच्यासारखं अर्धं भांडं करायचं जमत नाही मला, पूर्ण भांडं होतं आणि मग चार दिवस तेच.

गेल्या शनिवारी आईला जाऊन चाळीस दिवस झाले, सकाळी देवळात तिच्या शांतीचा विधी होता. त्या सकाळी मी काय केलं ते तुला सांगायला बसलो आहे.

सहाला उठून गहू शिजवले. धुवून फडक्यावर पसरले, अक्रोड कुटून मिसळले, वर पिठीसाखरेचा थर देऊन बदामांचा क्रूस काढला. क्रूस वाकडा झाला. मग टेबलाशी बसून दोन कागद घेतले. ते तुझ्या लक्षात असतील, पाद्रीबाबांना द्यायचे दोन कागद, एकावर जिवंतांची नावं आरोग्यासाठी, दुसऱ्यावर गेलेल्यांची, शांतीसाठी. दुसऱ्या कागदावर आई लिहिलं, बाबा लिहिलं, आजी-आजोबा, पिश्ता-बाची लिहिले (ते हंगेरियन, म्हणून काका न म्हणता बाची, आणि कॅथलिक, पण आपले साव्वा पाद्री तेवढं चालवून घेतात). पहिल्या कागदावर लिहिलं: देसांका, नेगोवान. मग पेन तसंच धरून बसलो. मिलेंकोदादाचं नाव अठ्ठावीस वर्षं आई स्वतः लिहीत आली, नेहमी पहिल्या कागदावर, नेहमी सगळ्यांच्या आधी. या वेळी लिहायला मीच होतो.

साडेआठ वाजले तेव्हा मी ते नाव कुठेच न लिहिता उठलो.

देवळात साव्वा पाद्रींनी दोन्ही कागद वाचले, चष्मा वर केला आणि हळूच विचारलं, “नेगोवान, एक माणूस कमी पडलं का रे?”

मी म्हटलं, “हो, बाबा.”

“मग घाल की. कुठल्या कागदावर घालू?”

मागे बायका उभ्या होत्या. त्यांचं कुजबुजणं थांबलं. मी म्हटलं, “आज राहू दे.” त्यांनी कागद खिशात घातले. विधी झाला, सगळ्यांनी चमचा-चमचा गहू खाल्ले, कुणीतरी म्हणालं अक्रोड जुने आहेत. मग मी मेणबत्त्या लावायला गेलो. आईची खालच्या पेटीत, वाळूत रोवली. तुझी आणि माझी वरच्या पेटीत, जिवंतांच्या. दादाची हातात राहिली. पेटलेली. आई ती नेहमी वर लावायची. मी वर बघितलं, खाली बघितलं. मेण बोटांवर ओघळायला लागलं, मग मी ती विझवली आणि कोटाच्या खिशात घालून घरी आलो. तो डाग अजून निघालेला नाही.

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. आई गेल्याचं मी तुला दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी कळवलं, आणि कारण लिहिलं की फोन बिघडला होता. फोन बिघडला नव्हता. आईने मला बजावलं होतं की देसाला बोलवायचं नाही. मेल्यानंतरही मी तिचं ऐकलं. तू त्यावर एवढंच उत्तर पाठवलंस: “कळलं.” ते मी अजून फोनमधून पुसलेलं नाही.

आता तुला त्या फितीबद्दल सांगतो, कारण तू घर सोडून गेलीस त्यानंतर काय झालं ते तुला ठाऊक नाही.

तुला आठवतं, एक्याण्णवच्या जूनमध्ये पिश्ता-बाचींनी आपल्या सिनेमा क्लबच्या कॅमेऱ्याने तराफ्यावर चित्रण केलं होतं. मी त्यांचा मदतनीस, तू किनाऱ्यावर कलिंगड कापत होतीस (तू दिसतेस त्यात, अर्धी, डाव्या कडेला). दादा तराफ्याच्या कठड्यावर चढतो, कॅमेऱ्याकडे बघून नाटकीपणाने छातीवर क्रूस करतो, काहीतरी ओरडतो आणि तीसा नदीत उडी घेतो. पाणी उडतं. आणि तिथेच रीळ संपलं. तो वर आलेला कॅमेऱ्याने पाहिलाच नाही. आपण पाहिलं, तो केस झटकत वर आला आणि म्हणाला, “काय पिश्ता-बाची, आलो का नीट?” आणि बाची म्हणाले, “गाढवा, फीत संपली! पुन्हा चढ.” पण दुसरं रीळ नव्हतं.

दादा बेपत्ता झाल्यावर आई दर वर्षी आपल्या कुलसंताच्या दिवशी, सेंट निकोलसला, जेवणं झाली की म्हणायची, “नेगो, लाव.” मी खिडक्यांवर घोंगड्या टाकायचो, कपाटाच्या दारावर चादर, आणि सिनेमातून आणलेला छोटा प्रोजेक्टर टेबलावर. सुरुवातीला वर्षातून एकदा. सिनेमा बंद पडून मी घरी बसलो तेव्हापासून रविवारी. शेवटची पाच वर्षं जवळजवळ रोज.

दादा पाण्यात गेला, पडदा पांढरा झाला की आई म्हणायची, “आता वर काढ त्याला.” मी खटका उलटा करायचो. मग उडालेलं पाणी गोळा होऊन मिटायचं, त्यातून दादा पाय आधी वर यायचा, कोरडा होत हवेतून मागे जायचा आणि कठड्यावर उभा राहायचा. आई मान डोलवायची. “हां. आता ठीक.” तिथे थांबवता येत नसे, तुला माहीत आहे, फीत दिव्यासमोर थांबली की जळते. सरकत राहिली पाहिजे. म्हणून दादा पुन्हा क्रूस करायचा, उलट्या हाताने, आणि कठड्यावरून खाली उतरून गर्दीत मिसळायचा. आई ते सगळं बघायची. मग दिवा बंद.

जुनी फीत तुटते. तुटली की दोन्ही टोकं कापून, खरवडून, चिकटवायची, प्रत्येक सांध्याला एक-दोन चौकटी जातात. आणि ती नेमकी उडीतच तुटायची, कारण तिथेच ती सर्वांत जास्त वेळा मागेपुढे फिरलेली. कठड्यापासून पाण्यापर्यंत पहिल्यांदा मी मोजल्या होत्या, एकवीस चौकटी. गेल्या वर्षी उरल्या होत्या सहा. दादाला हवेत आता जागाच नव्हती, कठडा सुटला की पाणी. कापलेल्या चौकटी मी काडेपेटीत ठेवल्या. एक आईने मागून घेतली होती. ती तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असायची, आणि रोज संध्याकाळी संतांच्या तसबिरीपुढचा दिवा लावल्यावर ती ती चौकट त्या दिव्यासमोर धरायची. नखाएवढा दादा, हात पसरलेले, मागे ज्योत. आधी त्याचं, मग संतांचं चुंबन. साव्वा पाद्रींनी एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, “हे काही बरं नव्हे, पण मी काही बोलणार नाही.”

आता आपल्या सिनेमाचं काय झालं तेही ऐक. ‘तीसा’ची इमारत पालिकेने रंगवून काढली, तिथे डिजिटल केंद्र झालंय. पोरं येतात, संगणकावर कायकाय शिकतात. समोरच्या भिंतीवर दोन मजली रीळ रंगवलंय, त्यातून भोकाभोकांची पट्टी निघून दारावरून फिरते. आत एक इंचही फीत नाही. ते केंद्र तियाना नावाची मुलगी चालवते, सव्वीस वर्षांची, गोड आहे, बोलते मात्र धडाधड. दीड वर्षापूर्वी ती मला रस्त्यात भेटली.

“नेगोवानकाका, तुम्ही इथले जुने ऑपरेटर ना? मला जुन्या फिती हव्यात. खिडकीला पडदा करायचाय, झुळझुळीत.”

“पडदा? फितीचा?”

“मस्त दिसेल हो! लोकांना कळलं पाहिजे ना, इथे सिनेमा होता म्हणून.”

“भिंतीवर काढलंय की तुम्ही एवढं मोठं.”

“ते चित्र झालं, काका.” मग फोन काढून दाखवला. “हे बघा, इथेही आहे, व्हिडिओ करायचा तर हे दाबायचं.” खरंच, शेंगदाण्याएवढ्या जागेत रीळ आणि भोकांची पट्टी. “मी लहानपणापासून हे दाबते. पण एक विचारू? हसू नका. ती भोकं कशासाठी असतात?”

मी हसलो नाही. सांगितलं, चाकाला दात असतात, ते भोकात अडकतात आणि चित्र पुढे ओढतात. भोकं फाटली की चित्र जागच्या जागी राहतं आणि जळतं.

“म्हणजे नक्षी नव्हे ती?”

“नाही गं बाई.”

तिने फोनवरची ती खूण पुन्हा बघितली. मग म्हणाली, “आम्ही सगळे दिवसभर ते दाबतो आणि कुणाला माहीतच नाही.” घरी येताना माझ्या मनात तेच घोळत होतं. वस्तू जाते, खूण राहते. रोज हजार बोटं तिच्यावर पडतात, कुणी विचारत नाही की हिच्या मागे काही आहे का. मला आईची वरच्या पेटीतली मेणबत्ती आठवली. पण तो विचार मी पुढे जाऊ दिला नाही.

तियानानेच सुचवलं की तुमची ती घरची फीत द्या, मी कॉपी करून देते, कधी तुटणार नाही. नोवी सादहून करून आणली. फार चांगलं काम, ताई. सगळे ओरखडे काढले, डाग काढले, अंधार उजळला. तू कापतेस त्या कलिंगडाच्या बिया दिसतात. ती घरी आली, आईच्या पलंगावर बसली, फोन तिच्या पुढ्यात धरला.

आई बघत राहिली. मग म्हणाली, “पाऊस कुठे गेला?”

“कसला पाऊस, आज्जी?”

“त्या दिवशी पाऊस होता. माझं पोर पावसात भिजत होतं. हा कोण कोरडा?”

तियानाने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पाऊस नव्हता, तुला आठवतं, पायाखालची वाळू पोळत होती. पण फितीवर ओरखडे पडले की पडद्यावर उभ्या रेघा दिसतात, आम्ही ऑपरेटर त्याला पाऊसच म्हणायचो. सत्तावीस वर्षांत तो पाऊस वाढत गेला आणि आईने तो खरा मानला. त्या पावसाशिवाय तिला तो आपला मुलगा वाटेना. आणि तेवढ्यात ते चित्र संपून आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दादा पुन्हा कठड्यावर. पुन्हा क्रूस. पुन्हा पाण्यात. लगेच पुन्हा कठड्यावर.

“थांबव!” आई ओरडली. “किती वेळा बुडवशील त्याला? वर काढत नाहीस आणि नुसता बुडवतेस!”

पोरगी रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे खसखस घातलेला गोड पाव घेऊन गेलो, तुझी चूक नाही म्हणून सांगायला.

ऑक्टोबरमध्ये शेवटच्या दिवशीही आई तेच म्हणाली. “नेगो, त्याला पाण्यातून काढ.” प्रोजेक्टर लावायला वेळ नव्हता. मी म्हटलं, “काढला, आई.” ती म्हणाली, “खोटं बोलतोस.” हे तिचे शेवटचे शब्द.

ताई, आता ती गोष्ट. वर सगळं लिहीपर्यंत दोन वेळा उठून चुलीत लाकडं घालून आलो. चूल भरलेलीच होती.

दोन हजार चारला तू जेवणाच्या टेबलावर सांगितलंस की हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या समितीकडे जाऊन तू रक्त देऊन आलीस, सापडलेल्या हाडांशी ताडून बघायला. आईने तुझ्यापुढची ताटली उचलली आणि म्हणाली, “माझ्या जिवंत मुलाची हाडं शोधणारीला या घरात जेवण नाही.” तू माझ्याकडे बघितलंस. तू म्हणालीस, “नेगो, एकाच भावंडाच्या रक्ताने भागत नाही, तू पण चल. तू तरी बोल.” मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. दारातून तू म्हणालीस, “तुला तो जिवंत वाटतो का खरंच?” त्याचंही उत्तर मी दिलं नाही.

तुला वाटलं मी आईला घाबरतो. गावालाही तेच वाटतं, शहाणा मुलगा, आईचं मन मोडलं नाही. मीही स्वतःला तेच सांगत आलो. तसं नव्हतं.

एक्याण्णवच्या सप्टेंबरमध्ये तू सुबोतित्साला परिचारिकेच्या शाळेत होतीस. तिकडे क्रोएशियात लढाई पेटली होती आणि इकडे लष्कराची बोलावणी वाटत होते. कागद माणसाच्या हातात पडून सही झाली पाहिजे, म्हणून पोरं घरात झोपत नव्हती. कोणी मक्यात, कोणी नातलगाच्या माळ्यावर. दादा सिनेमाच्या वरच्या मजल्यावर, माझ्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये. हे फक्त चौघांना माहीत होतं, तो, मी, आई आणि पिश्ता-बाची. एकोणीस दिवस तो तिथे होता. मी डब्यातून जेवण न्यायचो, तो माझ्याकडून रिळं गुंडाळून घ्यायचा आणि म्हणायचा, “फुकटचा नोकर मिळालाय तुला, साहेब. लढाई चालू राहू दे.”

सहा ऑक्टोबर, रविवार. मी आठवडाभर उपास करून त्या सकाळी पवित्र प्रसाद घेतला होता. एकवीस वर्षांचा होतो, आणि देवाच्या बाबतीत मी तेव्हा फार कडक होतो. देवळाच्या फाटकाशी गावरा उभा होता, बोलावणी वाटणारा. आपल्याच गल्लीतला, बाबांबरोबर मासे धरायला जायचा तो.

“काय नेगो, प्रसाद घेतलास?”

“घेतला, काका.”

“मग आज तुझ्या तोंडात देव आहे.” त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आज तू काही खोटं बोलणार नाहीस. भाऊ कुठाय?”

‘माहीत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. त्या दिवशी गावातलं शेंबडं पोरसुद्धा ते म्हणालं असतं. माझ्या जिभेला ते उचलेनात. प्रसाद घेतलेल्या तोंडाने खोटं बोलायचं नाही, हे आजीने शिकवलं होतं आणि त्यावर मी विश्वास ठेवत होतो. म्हणून मी गप्प राहिलो. आणि गप्प राहून माझी नजर चौकापलीकडे गेली, सिनेमाच्या वरच्या छोट्या खिडकीकडे. क्षणभरच. गावरा नजर ओळखणारा माणूस होता. त्याने खांद्यावरचा हात काढला आणि म्हणाला, “जा घरी. आईला सूप गरम ठेवायला सांग.”

मी एक शब्दही बोललो नव्हतो. या एका वाक्यावर मी अठ्ठावीस वर्षं काढली. गावराला आधीच माहीत असेल. कोणी दुसऱ्याने सांगितलं असेल. असेलही. तो दोन हजार एकमध्ये गेला, आणि विचारायची हिंमत मला झाली नाही.

मी घरी गेलो नाही, सिनेमाकडे धावलो. ते जिन्यावरून त्याला खाली आणतच होते. सही झाली होती. दादा मला बघून हसला. त्याला कळलं होतं का, मला माहीत नाही. म्हणाला, “ए ऑपरेटर, वरचा दिवा चालू राहिलाय. बंद कर, काच तडकेल.” आणि गेला. नोव्हेंबरात त्याची तुकडी लढाईत संपल्याचं कळलं. त्याचं कधीच कळलं नाही.

म्हणून मी रक्त दिलं नाही, ताई. हाडं सापडेपर्यंत तो फक्त हरवलेला होता. सापडली असती तर त्याला कोणीतरी मारलं असतं, आणि ते कोण, हे मला ठाऊक होतं. आई त्याला वर काढ म्हणायची तेव्हा ती त्याच्यासाठी म्हणायची. मी खटका उलटा करायचो तो माझ्यासाठी. तो पाण्यातून वर येऊन कठड्यावरून उतरून गर्दीत परत जायचा तेव्हा मला वाटायचं, आता तो केबिनमध्येही परत जाईल, आणि मी फाटकाशी म्हणेन, माहीत नाही काका.

तुला घराबाहेर काढलं ते आईने, पण तिला ते करू दिलं मी. एक वाक्य बोललो असतो तर तिचा सगळा राग माझ्यावर आला असता, जिथे तो यायला हवा होता. दुसऱ्यांदा गप्प बसलो, आणि दुसरं माणूस गमावलं.

शनिवारी देवळातून आल्यावर मी दोन दिवस काही केलं नाही. सोमवारी दुपारी घोंगड्या टाकल्या, चादर लावली, फीत चढवली. एकटाच होतो. तू कलिंगड कापलंस. दादा चढला, क्रूस केला, ओरडला. ते शब्द काय होते, तुला आठवतात का? मला नाही आठवत. बाचींच्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता, आणि माझ्या डोक्यातलाही गेला. पावसात त्याने उडी घेतली. सहा चौकटी. पाणी. फितीचं टोक सुटून चाकावर फटफट वाजायला लागलं आणि चादर पांढरी झाली. हात खटक्यावर गेलेला होता, सवयीने. मी काढून घेतला. बराच वेळ त्या पांढऱ्या चादरीकडे बघत बसलो. तो वर आला नाही. मग दिवा बंद केला.

फीत मी तियानाला दिली, काडेपेटीतल्या चौकटींसकट. पडद्यात लाव म्हटलं. तिला वाटलं मी रागाने बोलतोय. म्हटलं, नाही, उन्हाने दोन-चार वर्षांत सगळं उडून जाईल, नुसती पट्टी आणि भोकं राहतील. राहू देत. आईकडची ती एक चौकट मी आईबरोबरच पाठवली होती, शवपेटीत, प्रार्थनेच्या पुस्तकात.

काल, बुधवारी, सकाळच्या बसने नोवी सादला गेलो. समितीच्या खोलीत एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, स्वेटरची कोपरं विरलेली. नाव सांगितलं. त्यांनी कपाटातून एक कागद काढला.

“बहिणीचा नमुना आहे इथे. दोन हजार चारचा.” चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “पंधरा वर्षं एकटाच पडलाय बिचारीचा. तुम्ही कुठे होता?”

“इथेच. तीसाकाठी.”

“दोन तासांवर?”

“हो.”

त्यांनी माझा हात पुढे ओढला. बोटाला सुई टोचली आणि जाड कागदावर चार ठिपके घेतले, ओळीने, चार छोट्या चौकोनांत. मी विचारलं, किती दिवस लागतील. त्या म्हणाल्या, “खोटी आशा देत नाही. नावं नसलेली हाडं आमच्याकडे आहेत, हाडं नसलेली नावं त्याहून जास्त आहेत. काही नदीत गेली. बहुतेक पत्र येणारच नाही तुम्हाला.” मी आभार मानले. खरंच मानले.

परतीच्या बसमधून उतरलो तो सरळ देवळात. दुपार होती, साव्वा पाद्री सरपण फोडत होते, मला बघून कुऱ्हाड ठेवली पण आत आले नाहीत. कोटाच्या खिशातली अर्धी मेणबत्ती काढली, शनिवारचीच. बोटाला अजून पट्टी होती म्हणून काडी ओढायला दोनदा लागलं. ज्योत धरली. मग वाकलो आणि दादाला खाली, आईशेजारी, वाळूत लावलं.

वरच्या पेटीत आता तू आणि मी आहोत. तुझी मी रोज लावतो. उत्तर दिलं नाहीस तरी लावीन.

तुझा,
ज्याला एकदा खोटं बोलायला हवं होतं तो भाऊ,
नेगोवान